फ्रीज कोणाच्या मापाचा?

फ्रिजसारखा विषय या पृष्ठावर आलेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. एके काळी आपल्या शिबिरांतून फ्रीज हे चंगळवादाचे ठरलेले उदाहरण असे. ज्या देशात आयाबहिणींना पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, त्या देशात मूठभर लोक पेल्यात बर्फाचे खडे घालतात, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी व्यासपीठावरून उच्चारले आहे. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. गोदरेजने 1958 साली भारतात फ्रीज बनवावयास आरंभ केला, तेव्हापासून निदान तीन दशके ते वाक्य खरेही होते. परंतु 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे 38 टक्के कुटुंबांकडे फ्रीज आहे. म्हणजे ही वस्तू मूठभरांची राहिली नाही आणि सर्वांचीही झाली नाही. अशा मधल्या अवस्थेतील वस्तूंविषयी आपण काहीच बोलत नाही. श्रीमंतांच्या चैनीवर टीका करणे सोपे असते, दरिद्र्याच्या उपासमारीवर लिहिणेही सोपे असते. पण हप्त्याने फ्रीज घेणाऱ्या कष्टकरी कुटुंबाला काय सांगावे, हे आपल्याला ठाऊक नसते.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो वज्रेश्वरीला. तेथे आमचा एक जुना सहकारी राहतो. पूर्वी तो भिवंडीत यंत्रमागावर होता. आता देवीच्या पायऱ्यांखाली नारळ-प्रसादाचे लहानसे दुकान चालवतो. पत्नी अंगणवाडी सेविका. मुलगा मानकोलीकडच्या एका गोदामात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. घरात सत्तरी ओलांडलेली आई, तिला मधुमेह, दिवसातून दोनदा इन्शुलिन. ऐन वैशाखात त्यांचा सोळा वर्षांचा फ्रीज बंद पडला. तो कोणत्या कंपनीचा हे येथे महत्त्वाचे नाही. म्हातारपणी सगळ्याच कंपन्यांचे फ्रीज एकाच रीतीने दगावतात. अंबाडी नाक्यावरून आलेल्या मिस्त्रीने कॉम्प्रेसर गेल्याचे निदान केले आणि तो बदलण्याचा खर्च सांगितला, तो नव्या लहान फ्रिजच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. बाजूला अकलोलीला जमिनीतून आपोआप उकळते पाणी येते. गार पाण्याला मात्र या पंचक्रोशीत यंत्र लागते, असे आमचा मित्र हसत म्हणाला. त्याच्या मते माठ पुरेसा होता.

वहिनींना तो विनोद आवडला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, यांना गार पाणी म्हणजेच फ्रीज वाटतो. आईंचं औषध कुठं ठेवायचं? सकाळी नऊला मी अंगणवाडीत असते. रात्रीच कणीक मळून ठेवते, भाजी चिरून ठेवते, ती ठेवायची कुठं? वसईकडची मासळीवाली रोज येत नाही." इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या औषधाच्या दुकानदाराने माणुसकीने आपल्या फ्रिजमध्ये ठेवून घेतल्या होत्या, वापरातली कुपी ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात होती. अकरा दिवस त्या घराचा दिनक्रम त्या मडक्याभोवती फिरत होता. वाळू ओली ठेवण्याचे काम वहिनींकडे होते हे सांगावयास नकोच.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. 1972 साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल, रवा, साखर, रॉकेल हे राजकारणाचे विषय आहेत हे पुरुष कार्यकर्त्यांना प्रथमच नीट उमगले. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून राजकारण आत गेले, ते मात्र डब्यातल्या जिनसांपर्यंतच. जिन्नस टिकवण्याचे, शिजवण्याचे, साठवण्याचे साधन कोणते, ते कोणाच्या सोयीचे, त्याची किंमत कोण ठरवते, हा विषय आपण बाजारावर सोपवून मोकळे झालो. वहिनींचे बोलणे ऐकताना ही उणीव मला जाणवली. माठाचे समर्थन करणारा माझा मित्र आणि मी एकाच पठडीत वाढलो होतो.

नवा फ्रीज घेण्यासाठी आम्ही भिवंडीला गेलो. घरातील मतभेद बरोबर घेऊनच गेलो. मुलाला दोन दारांचा, वर स्वतंत्र फ्रीजर असलेला, बर्फ न साचणारा, 250-260 लिटरचा फ्रीज हवा होता. वहिनींच्या हातात दोरीचा तुकडा होता. ओट्याच्या कडेपासून दाराच्या चौकटीपर्यंतची जागा त्यांनी त्या दोरीवर गाठ मारून मोजून आणली होती: 25 इंच. दुकानात शिरताच दर्शनी भागात उभे होते ते माणसापेक्षा उंच, काळ्या काचेचे, दोन-तीन दारांचे फ्रीज. एका दाराचे फ्रीज अगदी मागे, जिन्याखाली. "आता सिंगल डोअर कोण घेतं, काका?" विक्रेता मुलगा म्हणाला. त्याचा दोष नाही. त्याला मोठ्या मालावर जास्त कमिशन मिळत असावे. पण या देशातील बहुसंख्य स्वयंपाकघरे लहान असताना दुकान मात्र मोठ्या स्वयंपाकघराच्या मापाने मांडलेले असते, ही गोष्ट नजरेत भरल्याशिवाय राहिली नाही.

लहान स्वयंपाकघरात माप हा पहिला निकष होय, आणि ते केवळ रुंदीचे नसते. फ्रीज म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकणारे यंत्र. ती उष्णता पाठीमागून आणि बाजूंनी निघते. तिला वाट मिळाली नाही तर कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो आणि बिल वाढते. एका दाराचा 180-190 लिटरचा फ्रीज साधारण 21-22 इंच रुंद असतो, म्हणजे 25 इंचांत दोन्ही बाजूंना बोटभर तरी श्वास उरतो. दोन दारांचा मोठा फ्रीज तेथे चेपून बसला असता, शेगडीला खेटून. शिवाय दार कोणत्या बाजूला उघडते, उघडल्यावर ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला बाजूला व्हावे लागते काय, हेही पाहावे लागते. वहिनींनी प्रत्येक फ्रिजचे दार उघडून पाहिले आणि प्रत्येक वेळी मुलाला मध्ये उभे केले. विक्रेत्याला ते विनोदी वाटले. मला तो त्या दिवसातील सर्वांत शास्त्रीय प्रयोग वाटला.

त्यानंतर बर्फाचा प्रश्न. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये पंखा थंड हवा फिरवतो आणि साचू लागलेला बर्फ वितळवण्यासाठी ठरावीक वेळाने आतली तापपट्टी चालू होते. सोय आहे, यात शंका नाही. फ्रीजर मोठा आणि कडक थंड मिळतो. पण पंखा आणि तापपट्टी दोन्ही वीज खातात, झाकण न ठेवलेली भाजी सुकते, आणि बिघडण्यासारखे भाग वाढतात. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फ साचतो. आठवड्या-पंधरवड्याने बटण दाबून तो वितळवावा लागतो, पाणी उपसावे लागते. हे काम कोणी करावयाचे? वहिनींनी तेथेच मुलाकडे पाहिले आणि त्याने मान डोलावली. हा करार दुकानाच्या पावतीवर आलेला नाही, पण मी साक्षीदार आहे. वीज गेल्यावर मात्र साचलेला बर्फ उपयोगी पडतो. तो काही तास कप्पा थंड ठेवतो. इन्शुलिनला 2 ते 8 अंशांच्या दरम्यानची थंडी लागते आणि ते गोठले तर निकामी होते. म्हणून साध्या फ्रिजमध्ये कुपी बर्फाच्या कप्प्यालगत न ठेवता मधल्या फळीवर, डब्यात ठेवावी लागते. ही माहिती त्या दुकानात कोणी सांगितली नाही. सोनेरी मुठीचे दार मात्र तीनदा दाखवले.

आता ताऱ्यांविषयी. विजेच्या उपकरणांवर तारे लावण्याची योजना ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2006 साली सुरू केली, आणि ती निःसंशय स्तुत्य आहे. पण बाजाराने तिचा जो वापर चालवला आहे तो पाहिला की कार्यकर्त्यांनी हा विषय समजून घेण्याची निकड पटते. तारे हे फ्रिजच्या आकाराच्या मानाने दिलेले असतात. म्हणजे 500 लिटरचा चार तारे असलेला फ्रीज 180 लिटरच्या दोन तारे असलेल्या फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो, आणि तरीही ग्राहकाला वाटते की आपण काटकसर केली. दुसरे असे की ताऱ्यांचे कोष्टक काही वर्षांनी कडक होत जाते. जुन्या कोष्टकाचे पाच तारे नव्या कोष्टकात पाच राहतीलच असे नाही, म्हणून लेबलावरील वर्ष पाहावे लागते. खरी उपयोगाची गोष्ट लेबलावर बारीक छापलेली असते: वर्षाला किती युनिट. तारे विसरावेत आणि तो आकडा वाचावा. 180 युनिट लिहिले असेल तर महिन्याला 15. दुसऱ्यावर 240 असेल तर महिन्याला 20. हा पाच युनिटांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. 100 युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे 300 पर्यंत दुसरा, आणि हा दुसरा पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहत आलेला आहे. पंचाण्णव युनिटांवर जगणाऱ्या कुटुंबाला मोठा फ्रीज दुसऱ्या टप्प्यात ढकलतो. भिवंडीचे वीजवितरण 2007 पासून टोरंट या खासगी कंपनीकडे आहे आणि तेथील बिलांवरून झालेली आंदोलने वाचकांना परिचित आहेत. दर मात्र वीज नियामक आयोग ठरवतो, तेव्हा निव्वळ कंपनीच्या नावाने शंख करून भागणार नाही. आयोगाच्या जाहीर सुनावणीत कारखानदारांचे प्रतिनिधी आकडे घेऊन हजर असतात. घरात फ्रीज असलेल्या आणि तरी शंभर युनिटांच्या आत राहू पाहणाऱ्या बाईच्या वतीने कोण हजर असते?

किमतीबद्दलही हेच. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, जुलै 2017 मध्ये, फ्रिजवर 28 टक्के कर होता. वर्षभराने तो 18 टक्के झाला. पण 180 लिटरचा फ्रीज आणि 600 लिटरचा फ्रीज यांना कर एकच. पन्नास वर्षांपूर्वी शासन फ्रिजला चैन मानत होते आणि आपणही मानत होतो. आज ती गरज झाली हे मान्य केले, तर गरजेच्या मापाला वेगळा आणि चैनीच्या मापाला वेगळा कर लावा, ही मागणी आपण एकदाही केलेली नाही.

हप्त्यांचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना माहीत असून सर्वजण त्यात सापडतात. विनाव्याज म्हणून सांगितलेल्या हप्त्यात प्रक्रिया शुल्क असते आणि रोखीवर मिळणारी सूट बुडते. व्याज असते, ते दिसत नाही इतकेच. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 साली बँकांना बजावले होते. वहिनींच्या बचत गटाचे कर्ज उघड व्याजाचे होते, म्हणूनच ते समजण्यासारखे होते.

लेबलाच्या जवळच एक लहान अक्षर-अंकांचा संकेत असतो: आर 600 ए. तो आयसोब्युटेन वायूचा संकेत आहे, आणि त्यामागे एक हकीकत आहे जी आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. जुने फ्रीज क्लोरोफ्लुरोकार्बन वायूवर चालत. त्याने वातावरणातील ओझोनचा थर विरतो हे सिद्ध झाल्यावर 1987 च्या माँट्रियल कराराने त्यावर निर्बंध आले. तेव्हा मोठ्या रसायन कंपन्यांनी आपल्याच पेटंटांखालचा नवा वायू पुढे केला. तो ओझोनला अपाय करीत नसे, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी होता. याच सुमारास पूर्व जर्मनीतील शार्फेनश्टाइन येथील सरकारी फ्रीज कारखाना, जर्मनीच्या एकीकरणानंतर, मोडीत काढावयाच्या यादीत होता. 1992 साली ग्रीनपीस ही संघटना आणि तो मरणपंथाला लागलेला कारखाना एकत्र आले. साधा, कोणाच्याही पेटंटखाली नसलेला प्रोपेन-ब्युटेनचा वायू भरून त्यांनी दहा नमुना-फ्रीज बनवले. थोड्याच आठवड्यांत सुमारे सत्तर हजार ग्राहकांनी मागणी नोंदवली. स्पर्धक कंपन्यांनी हे फ्रीज स्फोटक आहेत, वीज जास्त खातात, अशी पत्रके दुकानदारांना धाडली. आणि वर्ष-दोन वर्षांत त्याच कंपन्या हाच वायू वापरू लागल्या. कामगारांचा तो कारखाना मात्र 1996 साली दिवाळखोरीत गेला. ज्यांनी वाट पाडली ते संपले आणि वाटेवरून चालले ते मोठे झाले. आज भिवंडीच्या दुकानातील बहुतेक घरगुती फ्रिजांवर तो संकेत आहे. वायू ज्वालाग्राही खरा. पण फ्रिजमध्ये तो काही दहा ग्रॅमच असतो. धोका आहे तो दुरुस्तीच्या वेळी, वायू पूर्ण काढल्याशिवाय ज्योत लावणाऱ्या अप्रशिक्षित हाताला.

दुरुस्तीचा मुद्दा आला म्हणून सांगतो. मुलाला आवडलेल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी होती. ती मोठ्या अक्षरांत होती. ज्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर तो कॉम्प्रेसर चालतो तिच्यावर एकच वर्षाची, आणि ती लहान अक्षरांत. ग्रामीण भागातील विजेच्या दाबाच्या चढउतारात आधी जळते ती पट्टीच. अंबाडीचा मिस्त्री ती दुरुस्त करू शकत नाही. कंपनी ती दुरुस्त करत नाही, बदलते. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून फ्रिजचे प्रमुख सुटे भाग, विक्री बंद झाल्यावरही, सात वर्षे उपलब्ध ठेवण्याची सक्ती उत्पादकांवर केली. दाराच्या रबरासाठी दहा वर्षे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळावर माहिती मिळते. भाग मिळण्याची सक्ती त्यातून होत नाही. अंबाडीच्या मिस्त्रीचा धंदा आणि आमच्या मित्राचा खिसा, दोन्ही याच सक्तीवर अवलंबून आहेत, आणि हा मिस्त्री काही भांडवलदार नव्हे.

अखेरीस 180 लिटरचा, एका दाराचा, साध्या तापनियंत्रकाचा फ्रीज ठरला. खाली कांदे-बटाट्यांचा कप्पा. रंगाबद्दल पाच मिनिटे वाद झाला, तो येथे देत नाही.

दुकानदार म्हणाला, माल गोदामातून येईल. गोदाम कोठे? मानकोलीला. मुलगा हसला. तो ज्या रांगेत काम करतो तिच्या पलीकडच्याच रांगेत. मुंबईची जकात चुकवता यावी म्हणून भिवंडी तालुक्यात मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ या गावांच्या भातखाचरांत गोदामे उभी राहिली. जकात 2017 साली गेली, गोदामे वाढतच राहिली. मुंबई-ठाण्यात विकला जाणारा कितीतरी माल आज या तालुक्यात उतरतो आणि चढतो. तो चढवणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. हमालाला मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, भरपाई मिळावी म्हणून केलेला तो देशातील पहिला कायदा होता आणि आपल्याला त्याचा रास्त अभिमान आहे. या मुलाची नोंद कोणत्याही मंडळाकडे नाही. त्याच्या ओळखपत्रावर हमाल हा शब्दच नाही. तेथे मदतनीस असे लिहिले आहे. दोन दारांचा फ्रीज पंचेचाळीस-पन्नास किलोंचा असतो, एका दाराचा तीस-पस्तीस. "एकदारी उचलायला बरा, काका," तो म्हणाला. मोठ्या फ्रिजचा आग्रह धरणाऱ्या त्याच्याच तोंडून हे ऐकून वहिनी त्याच्याकडे पाहतच राहिल्या.

फ्रीज चौथ्या दिवशी आला, टेम्पोत उभाच ठेवलेला. भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे लक्षात घेऊन वहिनींनी तो काही तास तसाच उभा राहू दिला आणि संध्याकाळी चालू केला. रात्री औषधाच्या दुकानातून कुप्या परत आल्या.

जुन्या फ्रिजबद्दल दुकानदार बदलीत काहीशे रुपये देत होता. उत्पादकांनी आपला जुना माल परत घेऊन शास्त्रीय रीतीने मोडावा, असे एप्रिल 2023 पासून लागू असलेले ई-कचऱ्याचे नियम सांगतात. तो जुना फ्रीज नेमका कोठे जाणार असे मी विचारले, तेव्हा दुकानदाराने रस्त्यापलीकडच्या भंगारवाल्याकडे बोट दाखवले. म्हणून तो दिलाच नाही. मिस्त्रीने कॉम्प्रेसर तांब्यासाठी नेला. नळी तोडताना आतला वायू फस्सकन हवेत गेला, कारण तो भरून घेण्याचे यंत्र त्याच्याजवळ नव्हते. मुले आत अडकू नयेत म्हणून दाराचे रबर काढून टाकले आहे आणि बाहेरून साधी कडी बसवली आहे. तो पडवीत उभा आहे. त्यात आता तांदूळ आणि अंगणवाडीची पाटी-पुस्तके राहतात, आणि उंदरांना तेथे प्रवेश नाही.